झोपेत पैसे कमावू इच्छिणाऱ्यांसाठी जागेपणीच्या काही सूचना

साहित्य: एक स्मार्टफोन, बऱ्यापैकी चालणारं इंटरनेट, बँकेचं खातं आणि किमान चाळीस नातेवाईक. यातला शेवटचा घटक सर्वांत महत्त्वाचा. तो कुठल्याही कोर्समध्ये सांगत नाहीत, कारण कोर्स विकणाऱ्याला तुमचे नातेवाईक नको असतात, तुम्ही हवे असता. या कोर्सवाल्याकडे पुढे येऊच.

कृती ऐकायला सोपी आहे. दुकान दुसऱ्याचं, माल तिसऱ्याचा, पोचवणारा चौथा. आपण फक्त लिंक द्यायची. त्या लिंकवरून कुणी काही घेतलं की दुकानवाला आपल्याला ठरलेले टक्के देतो. याला अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात आणि ते करणारा माणूस झोपेतही कमावतो, असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. ते खोटं नाही. फक्त त्या झोपेसाठी किती रात्री जागाव्या लागतात, तेवढं जाहिरातीत मावत नाही.

मार्केट यार्डातला अडत्या वेगळं काय करतो, असं कुणी म्हणेल. त्याला म्हणू द्यावं. अडत्याला गाळ्याचं भाडं असतं, हमाल असतात, आणि भाव पडला की समोर शेतकरी उभा राहतो. आपल्यासमोर उभी राहते ती आत्या. तिच्याकडेही पुढे येऊ.

मार्गदर्शनात इतिहास घालायची पद्धत आहे, म्हणून थोडा घालतो. अमेरिकेत विल्यम टोबिन यांनी १९८९ मध्ये प्रॉडिजी या ऑनलाइन सेवेवर फुलं विकायला काढली आणि विक्रीतला वाटा प्रॉडिजीला देऊ केला. १९९४ मध्ये सीडीनाऊ या गाण्यांच्या सीडी विकणाऱ्या कंपनीने इतरांच्या संकेतस्थळांना हाताशी धरलं. जुलै १९९६ मध्ये अ‍ॅमेझॉनने, तेव्हा ती पुस्तकंच विकत होती, ही योजना कुणाही येणाऱ्याजाणाऱ्याला खुली केली आणि फेब्रुवारी २००० मध्ये तिचं पेटंटही मिळवलं. ‘अमुक दुकानात जा आणि माझं नाव सांग’ याचं पेटंट! आपल्याकडे प्रत्येक काकाने हे काम जन्मभर फुकट केलेलं आहे.

आता विषयाची निवड. धंद्यातली माणसं याला ‘नीश’ म्हणतात. होतकरू मंडळी साधारणपणे मोबाइल, फिटनेस किंवा क्रेडिट कार्ड यांपैकी एक उचलतात, कारण यशस्वी लोकांनी तेच उचललेलं दिसतं. मोबाइलवर लिहिणारे आता इतके झालेत की फोन बाजारात येण्याआधी त्याचे तोटे प्रसिद्ध झालेले असतात. तिथे तुमची डाळ शिजणार नाही.

त्यापेक्षा घरघंटी घ्या. पंधरा-वीस हजारांची वस्तू, म्हणजे कमिशन बरं. आणि ती घेण्याआधी मराठी घरात महिनोन् महिने खल चालतो, म्हणजे सल्ला देणाऱ्याला भरपूर वाव.

पहिला लेख लिहा. मथळा ठरलेला आहे: ‘भारतातील टॉप १० बेस्ट घरघंटी, संपूर्ण माहिती मराठीत’. लेख लिहिताना एकच पथ्य पाळायचं, दहापैकी एकही घरघंटी प्रत्यक्ष पाहायची नाही. पाहिली की मत तयार होतं आणि मत झालं की दहाच्या तीनच उरतात. इंग्रजीतला एखादा लेख यंत्राला द्यावा, ते लगेच मराठी ओकतं: ‘हे पीठ गिरणी तुमच्या स्वयंपाकघराला एका नवीन पातळीवर घेऊन जाते. त्याची गोंडस रचना तुमच्या पाहुण्यांना प्रभावित करेल.’ पाहुणे घरघंटीने प्रभावित होतात की नाही हा प्रश्न विचारू नये. फायदे सहा, तोटा एक. तोट्यात ‘वजनाला थोडी जड’ असं लिहावं. त्याने कुणी दुखावत नाही. सगळ्यांना साडेचार तारे द्यावेत आणि जिच्यावर कमिशन जास्त ती पहिल्या क्रमांकावर बसवावी.

आता ज्या बाईला खरोखर घरघंटी घ्यायची आहे तिचे प्रश्न काय असतात पाहा. बाजरीचं पीठ गरम होऊन कडवट लागतं का? ज्वारीला कितव्या नंबरची जाळी घालायची? भाजणी दळली की दुसऱ्या दिवशी गव्हाला धण्या-जिऱ्याचा वास येतो का? ओट्याखाली पीठ उडून बसतं, ते पुसणार कोण? दुपारी लावली तर खालच्या मजल्यावरचे काका झोपमोड झाली म्हणून वर येतील का? एक एचपीची मोटर तासाला पाऊण युनिट खाते, मग चार माणसांच्या पोळ्यांचं दळण महिन्याला किती तास चालतं? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, बिघडली तर जतला माणूस मिळतो, की मिरजेहून यायचं म्हणून आठ दिवस लावतो?

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तुमच्या संपूर्ण माहितीत नाही. ती द्यायची तर घरघंटी घरात आणून दोन महिने चालवावी लागते, आणि तुम्ही ती स्वतःच्याच लिंकवरून मागवलीत तर नियमानुसार कमिशन शून्य. वस्तू वापरून लिहिण्याचा हा मार्ग अमेरिकेत ब्रायन लॅम यांनी २०११ मध्ये धरला होता. त्यांच्या वायरकटर या संकेतस्थळावर माणसं वस्तू खरोखर वापरून मगच लिहीत, लिंकच्या कमिशनवर ते चाले, आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते सुमारे तीन कोटी डॉलरला विकत घेतलं. असल्या लांबच्या वाटेला नवख्याने जाऊ नये. पीठ अंगावर उडतं.

लेख तयार झाला तरी वाचायला कुणी येत नाही. हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं, मनाला लावून घेऊ नये. मग मोर्चा फॅमिली ग्रुपकडे वळतो.

इथे थोडं सविस्तर बोलू, कारण कोर्सवाल्यांच्या ९९ रुपयांच्या कार्यशाळेत हा भाग नसतो. ग्रुपवर एक दिवस आत्या विचारते, ‘घरघंटी कुठली चांगली रे?’ हा क्षण आयुष्यात एकदाच येतो. तुम्ही लिंक टाकता. आत्या अंगठा दाखवते. मराठीत अंगठा दाखवण्याचा जो अर्थ आहे तोच पुढे खरा ठरतो. तीन शक्यता असतात. पहिली, ती तुमच्या लिंकमधल्या फोटोचा स्क्रीनशॉट काढून कोपऱ्यावरच्या दुकानात जाते. दुकानदार पाचशे कमी करतो आणि स्वतः घरी येऊन गहू दळून दाखवतो. दुसरी, ती ‘बंगळूरला राहुल्या बघेल’ म्हणून लेकाला नाव सांगते आणि राहुल्या तुमच्या लिंककडे न बघता थेट अ‍ॅप उघडून मागवतो. तिसरी सगळ्यात प्रेमाची असते: ‘तूच मागव बाळा, मला ते ओटीपीचं जमत नाही. पैसे जीपे करते.’ अ‍ॅमेझॉनच्या करारात तुम्ही स्वतःसाठी, मित्रांसाठी वा नातेवाइकांसाठी केलेली खरेदी कमिशनला पात्र नाही, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. करार लिहिणाऱ्यालाही आत्या असणार.

समजा, दैव फिरलं आणि आत्याने लिंक दाबली. तिथून तुमच्याकडे चोवीस तास असतात. त्या वेळात तिने मागवलं तर तुमचं, पंचविसाव्या तासाला मागवलं तर तुम्ही कोण? आत्याने घराचे पडदे बदलायला दोन दिवाळ्या घेतलेल्या आहेत. अशा वेळी उपाय एकच. चोवीस तासांत वस्तू नुसती कार्टमध्ये पडली तरी साधारण ८९ दिवस तुमचा हक्क राहतो, म्हणून ‘घेऊ नकोस, नुसती टाकून ठेव’ हे वाक्य शक्य तितक्या निरागसपणे म्हणायचा सराव आरशासमोर करावा. घाई तुम्हालाही आहे. पहिल्या १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं.

गंमत अशी की लिंक घरघंटीची असली तरी त्या चोवीस तासांत माणूस तिथे दुसरं जे काही घेईल त्याचंही कमिशन तुम्हाला मिळतं. काय घेतलं ते तुमच्या अहवालात दिसतं, कुणी घेतलं ते दिसत नाही. मग रात्री साडेअकराला तुम्ही पडद्याकडे बघत बसता. गुडघ्याचा पट्टा, एक. हा मामांचा असावा. केस काळे करायचा कलप, तीन पाकिटं. हेही मामांचंच? घोरणं थांबवायची नाकपट्टी. ही कुणाची ते शोधण्यात तुमचा अख्खा रविवार जातो आणि पुढच्या लग्नात तुम्ही पाहुण्यांच्या नाकांकडे बघत फिरता. घरघंटी मात्र कुणीच घेतलेली नसते.

आणि समजा, घेतली. अठरा हजारांवर धरा चार टक्के, म्हणजे ७२० रुपये. आवाज फार येतो म्हणून आत्याने परत पाठवली तर तेही वजा होतात. नाही पाठवली तर आणखी वाईट. पुढे तिची मोटर गरम झाली की फोन कंपनीच्या मदतकेंद्राला जात नाही. तो तुम्हाला येतो, कारण ‘तूच म्हणालास ना चांगली आहे’. ७२० रुपयांत तुम्ही एका घरघंटीचे तहहयात सर्व्हिस इंजिनिअर झालेले असता. हिशेब करून पाहा: जे विकलं गेलं ते यंत्र नव्हतं. यंत्र कोपऱ्यावरही मिळत होतं, तेही स्वस्त. आत्याने पैसे मोजले ते तुमच्या शब्दाला, आणि अशा आत्या माणसाला फार तर दोन असतात.

नातेवाईक संपले की परक्यांकडे वळायचं. तिथे ‘शेवटचा क्लिक’ नावाचा कायदा चालतो. तुम्ही महिनाभर एखाद्याला जाळ्या, मोटर, वॉरंटी सगळं समजावून सांगता. तो पटून खरेदीला बसतो आणि पैसे भरता भरता एखादं कूपन मिळतं का ते शोधतो. कूपनवाल्याची लिंक शेवटची ठरते आणि कमिशन त्याला जातं. पेपलने चार अब्ज डॉलरला घेतलेल्या हनी या कूपन शोधून देणाऱ्या ब्राउझरच्या जोडणीवर (एक्स्टेंशन) डिसेंबर २०२४ मध्ये एका यूट्यूबरने आरोप केला, की ती शेवटच्या क्षणी दुसऱ्यांचं श्रेय स्वतःच्या नावावर करून घेते. त्यावरून अमेरिकेत दावे दाखल झाले. गंमत म्हणजे तिची जाहिरात करण्यात आघाडीवर होते ते यूट्यूबर, ज्यांची स्वतःची कमाई अशाच लिंकवर चालते.

यातून कुणाला आडवळणाची बुद्धी सुचली तर तीही नवी नाही. ईबेचा एके काळचा सर्वांत मोठा अ‍ॅफिलिएट शॉन होगन याने लोकांना नकळत त्यांच्या ब्राउझरमध्ये आपली खूण पेरून ठेवायची युक्ती काढली. पुढे त्यांनी आपल्या मनाने ईबेवर काही घेतलं की कमिशन याचं. त्याला ईबेकडून सुमारे २ कोटी ८० लाख डॉलर मिळाले होते. त्याने गुन्हा कबूल केला आणि २०१४ मध्ये त्याला पाच महिन्यांची कैद झाली. हे मी मार्गदर्शन म्हणून सांगत नाहीये.

आता सुरुवातीला राहिलेले कोर्सवाले. एवढ्या खटपटीनंतर तुमच्या मोबाइलवर त्यांची जाहिरात दिसू लागते. तुम्ही थकला आहात हे तिला कळलेलं असतं. रविवारी संध्याकाळी सात वाजता, फक्त ९९ रुपये, जागा मर्यादित. इंटरनेटवर जागा कशा मर्यादित असतात हे विचारू नये. पहिली चाळीस मिनिटं सर आपल्या गरिबीवर बोलतात. मग गाडी दिसते. गाडीचं बोनेट दिसतं, बोनेटवर सर दिसतात, आरसी बुक दिसत नाही. मग उत्पन्नाचे स्क्रीनशॉट येतात. मग ४९,९९९ या आकड्यावर काट मारली जाते आणि ४,९९९ लिहिलं जातं, तेही पुढची पंधरा मिनिटंच. खाली घड्याळ उलटं पळत असतं. ते शून्यावर आलं की पान रिफ्रेश करून पाहा. पुन्हा पंधरा मिनिटं!

पैसे भरले की कोर्स उघडतो. आत काय शिकवतात? हाच कोर्स पुढे कसा विकायचा. प्रत्येक विक्रीमागे तुम्हाला घसघशीत वाटा, घरघंटीच्या चार टक्क्यांच्या कितीतरी पट. त्या आकड्यावर तुमचे डोळे दिपतात, म्हणून एक परीक्षा सुचवतो. पुढे विकायची परवानगीच नसती तर हा कोर्स कुणी घेतला असता का? उत्तर ‘नाही’ असेल तर तिथे मालच नाही, नुसती माणसं आहेत, आणि सगळ्यात खालच्या पायरीवर तुमचा मावसभाऊ उभा राहणार आहे. माल नावापुरता आणि पैसा नवी माणसं जोडण्याचा, अशा योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा १९७८ चा आहे, आणि डिसेंबर २०२१ च्या थेट विक्री नियमांनीही पिरॅमिड योजना चालवायला मनाई केली आहे. घरघंटीवाल्याने आत्याला निदान घरघंटी तरी दिली. या लोकांबद्दल मला विनोद करता येत नाही. ते ज्याच्याकडून ४,९९९ घेतात त्याचा पगार बहुतेक वेळा बारा-पंधरा हजार असतो.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर घोषणेचंही उरकून घेऊ. ‘या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं’ हे वाक्य लिहिताना नवख्याचा हात थरथरतो. तो ते पानाच्या तळाशी, फिकट करड्या रंगात, मुंगीच्या अक्षरात आणि इंग्रजीत लिहितो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने शिफारस करणाऱ्यांसाठी सोपी पुस्तिका दिली. तिच्यात असं आहे की घोषणा नजरेतून सुटूच नये इतकी ठळक हवी आणि शिफारस ज्या भाषेत केली त्याच भाषेत हवी. म्हणजे आत्याला मराठीत भुलवलं असेल तर कबुलीही मराठीत. फसव्या जाहिरातीला दंड दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. ७२० रुपयांच्या मानाने हे प्रमाण लक्षात घ्यावं. गमतीची गोष्ट म्हणजे सरळ सांगितलं तर कुणी पळून जात नाही. ‘तुला चार पैसे मिळणार असतील तर तुझ्याच लिंकवरून घेते’ असं म्हणणारी एखादी मावशी प्रत्येक घरात असते. तिला विचारायचंच राहून जातं.

दुकान तुमचं नाही, हेही अधूनमधून आठवत राहावं. एप्रिल २०२० मध्ये, सगळं जग घरात कोंडलेलं असताना, अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत फर्निचरचं कमिशन आठ टक्क्यांवरून तीनवर आणि किराण्याचं पाचवरून एकवर आणलं. ज्यांनी त्या टक्क्यांवर घराचे हप्ते बसवले होते त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सप्टेंबर २०२३ मध्ये गुगलने ‘उपयुक्त मजकूर’ कशाला म्हणायचं याचा निकष बदलला आणि कित्येक टॉप टेनवाल्यांचे वाचक आटले. आता तर ‘कोणती घरघंटी चांगली’ असं विचारलं की गुगल स्वतःच चार ओळींत उत्तर देऊन मोकळं होतं. खाली तुमचा लेख आहे हे बघायला कुणी उतरत नाही. त्या चार ओळींत भाजणीच्या वासाचं आणि जतला माणूस येतो की नाही याचं उत्तर मात्र नसतं. ज्याने खरंच दोन महिने घरात दळलंय त्याला अजून तेवढी जागा शिल्लक आहे. माझ्या मते यापुढे या धंद्यात टिकलाच तर तोच टिकेल, आणि त्यालाही नोकरी सोडायची घाई करू नये असंच मी सांगेन.

हिशेबाचं तेवढं राहिलं. अ‍ॅमेझॉनकडून एका महिन्याचं कमिशन तो महिना संपल्यावर साधारण साठ दिवसांनी येतं, म्हणून दिवाळीतल्या विक्रीवर दिवाळीचे कपडे घेऊ नयेत. दलालीवरचा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून पाच टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आला, आणि एप्रिल २०२५ पासून वर्षाला २० हजार रुपयांपर्यंत तो कापला जात नाही, म्हणजे पहिली काही वर्षं तुम्हाला या कलमाचं भय नाही. उत्पन्न म्हणून ती रक्कम विवरणपत्रात मात्र दाखवावी लागते. आणि चुकून २० हजारांची वेस ओलांडलीत व खात्याला पॅन जोडलेला नसला, तर दोनऐवजी वीस टक्के कापले जातात. तेव्हा आधी पॅन जोडा, लिंक नंतर पाठवा.